हिंमतरावांचे दोन नंबर

वाघोलीच्या हिंमतरावांना मोबाइलमधलं एकच काम उत्तम येत होतं, आणि ते म्हणजे नंबर ब्लॉक करणं. फोटो काढायला गेले की स्वतःच्या अंगठ्याचा निघायचा, भाच्याला पाठवलेला निरोप व्याह्यांना जाऊन पडायचा; पण ब्लॉक करायला त्यांना चष्मासुद्धा लागत नसे.

त्याला कारण होतं. नगर रस्त्याच्या कडेला पूर्वी त्यांची शेती होती. आता तिथं इमारती आहेत आणि इमारतींच्या मधोमध हिंमतरावांचा तीन मजली बंगला. वरच्या दोन मजल्यांवर इंजिनिअरिंगची पोरं भाड्यानं राहतात. जमिनीपैकी उरलाय तो फक्त विहिरीजवळचा वीस गुंठ्यांचा तुकडा. त्यात हिंमतराव मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात काढायचे आणि आठवड्यातून दोनदा पहाटे टेम्पोनं मंडईत नेऊन विकायचे. गरज होती म्हणून नव्हे. मंडईत गेल्याशिवाय त्यांना आठवडा सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

त्या वीस गुंठ्यांवर सगळ्या पुण्याचा डोळा होता. पहिला चहा व्हायच्या आत एजंटांचे फोन सुरू. "नमस्कार काका, फक्त एक मिनिट." सुरुवातीला हिंमतरावांनी माणुसकी पाळली, दोघातिघांना घरी बोलावून पोहेसुद्धा खाऊ घातले. मग फोन वाढले. नंबर बदलून पाहावा म्हणून त्यांनी दुसरं सिम घेतलं आणि त्याच मोबाइलमध्ये घातलं, तर पंधरा दिवसांत एजंटांना तोही नंबर कळला. शेवटी त्यांनी एकच उत्तर ठरवून टाकलं. "न्हाय विकायचं. मी मेल्यावर या." एवढं बोलून कट, आणि लगेच ब्लॉक, तोही दोन्ही सिमवर एकदमच. त्यांचा लहानपणापासूनचा मित्र मच्छिंद्र चहाच्या टपरीवर सांगायचा, "हिंमतला फोन करा, तेराव्याचं आमंत्रण फुकट मिळतं."

अजून एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. त्या घरात कुठलाही कागद भरायचा झाला की त्यावर नंबर हिंमतरावांचा. गॅसला त्यांचा, विजेला त्यांचा, मुलाच्या, शंभूच्या, लग्नपत्रिकेवर त्यांचा. सुनेनं, अपेक्षानं, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली तेव्हा तिच्या अर्जावरही तोच. अपेक्षाला मोबाइल नव्हता असं नाही, चांगला होता. पण घरचा कर्ता माणूस असताना बाईमाणसाचा नंबर चार ठिकाणी कशाला, असं त्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलायची गरजच पडली नव्हती.

अपेक्षा शिरूरकडून सहा वर्षांपूर्वी त्या घरात आली. हसरी, चुणचुणीत, बोलायला तिखट. पहिल्याच वर्षी ती जिन्यात थांबायला लागली. एका डॉक्टरनं रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं दमा म्हणून पंप दिला. तिसरा म्हणाला, नवीन लग्न झालंय, मनावर घेते. यमुनाबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, निदान सगळ्यांत सोपं होतं: आळस. "आमच्या वेळी आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो," हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या.

एका दुपारी हिंमतराव गच्चीवरून उतरत होते, तेव्हा ओल्या कपड्यांची बादली शेजारी ठेवून अपेक्षा पायरीवर बसलेली दिसली. जांभळं खाल्ल्यासारखे तिचे ओठ निळे पडले होते. "काय गं?" म्हणाले तर तिनं हातानंच 'थांबा' केलं. उत्तर द्यायला तिला बराच वेळ लागला. हिंमतरावांनी बादली उचलली, खाली आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर सुनेसमोर ओरडले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं तिच्या हृदयाची सोनोग्राफी झाली आणि आजाराचं नाव कळलं, पल्मनरी हायपरटेन्शन. नावात हायपरटेन्शन आहे म्हटल्यावर गावातला जो तो म्हणायला लागला, "बीपीच ना? मला पण हाय की. एक गोळी घ्यायची आन् मीठ कमी." हिंमतरावांना या लोकांना काय सांगावं ते कळेना. डॉक्टरांनी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून आवळत चालल्यात, म्हणून हृदयाला फार जोर लावावा लागतोय.

"म्हंजी मोटर चांगली हाय," हिंमतराव म्हणाले होते, "पर पाइप आतनं बुजत चाललाय. जोर लावून लावून मोटर जळणार."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. "अगदी बरोबर."

"मग पाइप बदला."

"सध्या औषधांवर बघू. पण कधीतरी दोन्ही फुफ्फुसंच बदलावी लागतील."

हिंमतराव हसण्याच्या तयारीत होते. डॉक्टर हसले नाहीत.

मूल होऊ द्यायचं नाही, तिच्या जिवावर बेतेल, हेही डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं. घरी आल्यावर यमुनाबाई देवघरासमोर बराच वेळ बसून राहिल्या. मग उठून त्यांनी अपेक्षाच्या हातातला झाडू काढून घेतला, तो कायमचा. आळसाबद्दल त्या पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. माफीही मागितली नाही. तशी रीत त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

तीन वर्षं औषधांनी ढकललं. मग नोकरी सुटली, जिना सुटला, आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत मशीन आलं. दिवसभर ते घरघरत राहायचं आणि वीज गेली की सगळ्यांचे प्राण कंठाशी यायचे. हिंमतरावांनी इन्व्हर्टर आणला, त्यावर भरवसा नाही म्हणून जनरेटर आणला, त्यावरही नाही म्हणून दोन भरलेले सिलिंडर दाराआड उभे करून ठेवले.

अपेक्षाचं नाव प्रतीक्षा यादीत घातलं, तो दिवस हिंमतरावांना पुढे हजारदा आठवला. दवाखान्यात पूर्णिमा नावाच्या मॅडम होत्या. पेशंट, डॉक्टर आणि यादी यांच्यामधला सगळा दुवा त्याच. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं: मेंदू मृत झालेल्या कुणाच्या घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला, रक्तगट जुळला, छातीचं माप जुळलं, तर फोन येईल. फोन आल्यावर पेशंटनं काही खायचं नाही आणि दीड तासात दवाखान्यात पोचायचं. आमच्याकडेही वेळ फार कमी असतो, फोन लागला नाही तर पुढच्या नावाकडे जावं लागतं.

"मला तीन नंबर लागतील," मॅडम म्हणाल्या.

हिंमतरावांनी आपला नंबर दिला. मग दुसरा दिला, तोही आपलाच. तिसरा म्हणून शंभूचा. शंभू सणसवाडीच्या कारखान्यात शिफ्टला होता आणि तिथं मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागे, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

"माझाही लिहून घ्या ना," अपेक्षा म्हणाली. "मी तर दिवसभर घरातच असते."

"तू गप बस," हिंमतराव म्हणाले. "मॅडम, आजारी माणसाला असल्या फोनचा धसका बसंल. म्या हाय ना."

त्यांनी हे मायेपोटी म्हटलं होतं. सुनेवर त्या माणसाचा जीव होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

त्यानंतर हिंमतरावांचं बूड एका जागी टेकेना. मंडई बंद झाली. टेम्पो गर्दीत अडकला आणि तेवढ्यात फोन आला तर? लग्नं बंद झाली, गावजत्रा बंद झाली. सख्ख्या मावसभावाच्या दहाव्याला ते गेले नाहीत आणि भावकीनं तोंड फिरवलं. जेवताना मोबाइल ताटाशेजारी, आंघोळीला बादलीशेजारच्या स्टुलावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते दिवसाला किती फेऱ्या मारत, ते वरच्या मजल्यावरच्या पोरांनी एकदा मोजून पाहिलं आणि कंटाळून सोडून दिलं.

पण त्यांना खरं छळत होतं ते वेगळंच. नगर रस्त्यावरून अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की ते ताडकन उठून उभे राहायचे. कुणीतरी पडलंय. कोण असेल? केवढं असेल? रक्तगट कुठला असेल? एवढं मनात येऊन जायचं आणि मग ते इतके शरमायचे की खाली बसतासुद्धा यायचं नाही. एकदा यमुनाबाईंनी दगडूशेठला नवस बोलायचं काढलं. हिंमतराव खेकसले, "काय मागणार हायेस देवाला? कुणाचं तरी पोर मरू दे म्हणून?" यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग एका सकाळी हिंमतराव एकटेच बुधवार पेठेत गेले, रस्त्यावरूनच गणपतीपुढं हात जोडून उभे राहिले आणि काहीच न मागता परत आले. जे मागायचं होतं ते शब्दांत मांडायची त्यांची हिंमत झाली नाही.

असे आठ महिने गेले. अपेक्षाचं वजन उतरलं. ऑक्सिजनच्या मशीनचा काटा दोन लिटरवरून चारावर गेला.

आणि त्याच आठवड्यात कुणीतरी बातमी उठवली की विहिरीच्या बाजूनं नवा मोठा रस्ता जाणार. झालं. फोन नुसते कोसळायला लागले. आता तर कंपन्यांनी गोड आवाजाच्या मुली ठेवल्या होत्या. त्या अख्खं नाव घेऊन बोलायच्या, जणू आपल्याच पाहुण्यांतल्या. मंगळवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत हिंमतरावांचं अकरा जणींना आपल्या मरणाचं आमंत्रण देऊन झालं होतं.

पावणेदहाला ओट्यावर असताना पुन्हा फोन वाजला. पुण्यातला लँडलाइनचा नंबर.

"हिंमतरावच बोलताय ना? मी—"

"न्हाय विकायचं, बाई! एकदा सांगितलं ना? मी मेल्यावर या!"

कट. ब्लॉक. दोन मिनिटांनी एका अनोळखी मोबाइल नंबरवरून फोन आला. तो त्यांनी उचललाच नाही, वाजता वाजताच कापला आणि ब्लॉक केला. मग मोबाइल गप्प झाला. किती दिवसांनी शांतता मिळाली म्हणून हिंमतरावांनी चहा मागवला आणि तो पूर्ण कप बसून प्यायला.

सव्वाअकराला 'पूर्णिमा मॅडम' असं नाव मोबाइलवर उमटलं. हा नंबर तेवढा त्यांनी शंभूकडून नाव घालून घेतला होता.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" मॅडम जवळजवळ ओरडत होत्या. "मी आज रजेवर आहे. दवाखान्यातून तास-दीड तास तुम्हाला फोन करतायत, तुमचे दोन्ही नंबर लागत नाहीत, मुलाचा कुणी उचलत नाही. फुफ्फुसं आहेत, काका! अपेक्षाचं नाव पहिलं होतं!"

हिंमतराव मोबाइल कानाशी धरूनच गाडीची किल्ली शोधायला लागले.

"दुसऱ्या मुलीला बोलावलंय, ती पोचली. तरी तुम्ही निघा. तिच्या तपासण्या चालू आहेत, शेवटपर्यंत काही सांगता येत नाही. निघा!"

नगर रस्त्याची काय वर्णनं करायची. ज्याला तो माहीत आहे त्याला माहीत आहे. अवयव घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी पोलीस सगळे चौक मोकळे करतात, पण ज्याला तो अवयव बसवायचा तो माणूस आपला सिमेंटच्या मिक्सरमागं गिअर बदलत येतो. हिंमतराव गाडी चालवत होते. मागच्या सीटवर यमुनाबाई, त्यांच्या पायाशी सिलिंडर, आणि त्यांच्या खांद्याला टेकलेली अपेक्षा. खराडीच्या पुढे हिंमतरावांच्या मनात एक विचार आला: त्या दुसऱ्या पोरीला ताप निघू दे. थोडाच. नव्याण्णव. त्यांनी तो विचार झटकला आणि पुढच्या सिग्नलला तो पुन्हा आला.

ते पोचले तेव्हा त्या मुलीला ऑपरेशनला आत नेऊन वीस मिनिटं झाली होती.

अपेक्षाला तपासून घ्यायला आत बसवलं. हिंमतराव बाहेरच्या बाकावर टेकले, उठले, परत टेकले. शेजारी एक बारीक अंगाचा माणूस बसला होता. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

"घ्या जी. कवाचे दमलेले दिसता."

तो अनंत, यवतमाळकडचा शिंपी. आत होती ती त्याची मुलगी, संस्कृती, एकोणीस वर्षांची. तिला तोच आजार होता. तिकडचं दुकान बंद करून तो नऊ महिन्यांपूर्वी बायको-मुलीसह पुण्यात आला होता आणि दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर एक खोली घेऊन राहत होता.

"फोन आला तवा मी पायजम्याला नाडी घालत होतो," अनंत म्हणाला. "तसाच पळालो. आमचा नंबर दुसरा होता जी. पहिल्याच्या घरचा फोन लागलाच नाही म्हणते. कोण असंल काय माहीत. त्यांच्या घरी काय अडचण आली असंल बाप्पा... त्यांचंही भलं हो."

त्याचे डोळे भरून आले होते. हिंमतरावांच्या हातात पाण्याची बाटली होती, ती त्यांना धड तोंडाला लावता येईना की खाली ठेवता येईना. 'तो मीच' हे दोन शब्द त्यांच्या घशापर्यंत आले. त्यांनी घोटभर पाण्याबरोबर ते गिळले.

घरी आल्यावर शंभू थयथयाट करू लागला. कारखान्यातून बाहेर आल्यावर त्याला लॉकरमध्ये सात मिस्ड कॉल दिसले होते. "माझं सोडा, मी ड्यूटीवर होतो. पण आबांचे दोन-दोन नंबर चालू असताना लागले नाहीत म्हणजे काय? खोटं बोलतायत ते. फोन केलाच नसेल! ती पूर्णिमा मॅडम नेमकी आजच रजेवर कशी? मी तक्रार करणार, पेपरात देणार."

"द्याच," यमुनाबाई म्हणाल्या. "माझ्या सोन्यासारख्या पोरीचा नंबर दुसऱ्याला दिला मेल्यांनी."

सगळ्यांनी हिंमतरावांकडे पाहिलं. हिंमतराव म्हणाले, "बघू."

दोन दिवस ते 'बघू' याच शब्दावर जगले. शंभूनं तक्रार लिहून काढली. त्यात पूर्णिमा मॅडमचं नाव तीनदा आलं होतं. हिंमतराव शेतात जायचे, मेथीत बसायचे, उठून परत यायचे. जेवण जात नव्हतं. त्या मोबाइलमधली ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी त्यांनी उघडून पाहिली. वरून दुसराच नंबर तो लँडलाइनचा होता. तो त्यांनी यादीतून काढला, आणि काढल्यावर पुरावाच पुसल्यासारखं वाटलं म्हणून ते आणखीनच घाबरले. एकसष्ट वर्षांचा माणूस, गावात चार लोक सल्ला विचारायला येतात असा, शेणी थापायच्या जुन्या छपरामागं जाऊन रडला.

गुरुवारी दुपारी शंभू तक्रारीचा कागद घेऊन निघाला. "आबा, खाली तुमची सही लागेल. नंबर तुमचे आहेत."

हिंमतरावांनी पेन हातात घेतलं. पुढच्या खोलीतच सगळे होते, अपेक्षा खाटेवर उशांना टेकून बसली होती. मशीन घरघरत होतं.

"फोन आला होता," हिंमतराव म्हणाले.

"काय?"

"मंगळवारी. पावणेदहाला. म्याच कापला. एजंटाची पोरगी वाटली. 'मेल्यावर या' म्हणलो आन् कापला." त्यांनी कागद शंभूच्या हातात परत दिला. "दुसरा आला तो पण कापला. मॅडमचा काय दोष न्हाय. दोष माझा हाय."

शंभू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हिंमतरावांना सुनेकडे बघायचं होतं आणि मान वर होत नव्हती.

"मला माहीत होतं, आबा," अपेक्षा म्हणाली. एका दमात तिला दोन-तीन शब्दच जमत. "मी इथून... ऐकलं होतं. रोजच ऐकते. तेव्हा कळलं नाही... गाडीत कळलं."

"मग बोलली का न्हाईस, पोरी? दोन दिस झाले!"

"तुम्ही बोलताय का... ते बघत होते."

ती एवढ्या साध्या आवाजात म्हणाली की हिंमतरावांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू मला शिव्या दे," ते म्हणाले.

"शिव्यांना दम... लागतो, आबा." आणि तिला हसू फुटलं, हसण्यानं खोकला आला, आणि यमुनाबाई पाणी घेऊन धावल्या. खोकला थांबल्यावर तिनं हात पुढं केला. "मॅडमना फोन लावून द्या. माझं मी... सांगते."

पूर्णिमा मॅडमना तिनं स्वतःचा नंबर दिला. पहिला म्हणून. तो सांगताना मधे दोनदा थांबावं लागलं, तरी हिंमतराव मधे बोलले नाहीत. त्यांना जमलं म्हणायचं.

त्या दिवसापासून हिंमतरावांनी सगळी ब्लॉक यादी मोकळी केली. चारशेच्या वर नंबर होते, एकेक करून काढायला त्यांना दोन दिवस लागले. आणि आता कुठलाही फोन आला की, "नमस्कार, हिंमतराव बोलतोय. आपण कोण?" समोरचा एजंट आहे हे कळल्यावरही शेवटपर्यंत ऐकून घेऊन, "आत्ता विचार न्हाय साहेब, आभारी हाय." एजंटांमध्ये बातमी पसरली की म्हातारा मऊ पडला, आणि फोन दुप्पट झाले. मच्छिंद्र म्हणाला, "हिंमत, तुझी तब्येत बरी हाय ना?"

दर बुधवारी ते मेथीच्या दोन जुड्या घेऊन अनंतच्या खोलीवर जात. ऑपरेशन होऊन घरी आलेली संस्कृती तोंडाला मास्क लावून खिडकीत बसलेली असायची, नाकात नळी नसायची. एकदा तर ती जिना उतरून खालपर्यंत त्यांना पोचवायला आली. हिंमतरावांनी तिच्या श्वासाकडे कान लावला. काहीच ऐकू आलं नाही, इतका तो सहज चालला होता. त्यांना आनंद झाला आणि जिवाला डंखही बसला, दोन्ही एकाच वेळी. अनंतला त्यांनी खरं कधी सांगितलं नाही. तेवढं धाडस त्यांना झालं नाही, आणि उगाच झालं म्हणून मी लिहिणार नाही.

पाच महिने गेले. मशीनचा काटा सहावर गेला. खाटेपासून बाथरूमपर्यंतची आठ पावलं अपेक्षा चाकांच्या खुर्चीवर बसून करू लागली. डॉक्टर आता पुढची तारीख देताना जवळची देत होते. हिंमतराव ओट्यावर फेऱ्या मारेनासे झाले; ते तिच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसत आणि मेथी निवडत, कारण हाताला काहीतरी लागतंच.

त्या सोमवारी साडेदहा वाजले असतील. अपेक्षाच्या उशीखालचा मोबाइल वाजला. लँडलाइनचा नंबर.

हिंमतरावांचा हात आपोआप पुढं गेला. निम्म्यावर त्यांनी तो थांबवला आणि मांडीखाली दाबून धरला.

अपेक्षानं आधी श्वास भरून घेतला. मग हिरवं बटण सरकवलं.

"हो," ती म्हणाली. "मीच... अपेक्षा. मी स्वतः... बोलतेय." मग ती ऐकत राहिली. तिचे डोळे मोठे झाले. "नाही. सकाळपासून... फक्त पाणी. ताप नाही. निघतो."

निवडलेली मेथी जमिनीवर सांडली होती. यमुनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, दाराआडचा सिलिंडर ओढताना त्यांचा पदर अडकला, तो त्यांनी फाडूनच काढला. आज कुठल्यातरी घरात आकांत चालला असेल, हे हिंमतरावांच्या मनात आलं, आणि त्या अनोळखी घराला त्यांनी उभ्या उभ्या हात जोडले. जोडलेल्या हातांत गाडीची किल्ली होती आणि ते किल्ली शोधत होते.

तेवढ्यात त्यांच्याच खिशातला मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. सुनेला एका हातानं सावरत त्यांनी तो उचलला.

"नमस्कार, हिंमतराव बोलतोय."

"काका, तुमच्या विहिरीजवळच्या प्लॉटबद्दल एकच मिनिट—"

"उद्या करा, ताई," हिंमतराव म्हणाले. "उद्या नक्की करा, म्या उचलीन. आज आमच्या पोरीला घेऊन निघालोय."